एका इशाऱ्याचे वाचन

ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सिटॅलोप्रॅम या नैराश्यावरील औषधाबाबत जाहीर इशारा दिला. दिवसाला ४० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मात्रा देऊ नये, हृदयाची लय बिघडण्याचा संभव आहे, असा त्याचा आशय होता. मार्च २०१२ मध्ये साठीपुढच्या रुग्णांसाठी ही मर्यादा २० मिलिग्रॅमवर आली. असा सरकारी मजकूरही टीकादृष्टीने वाचता येतो. तो काय मोजतो आणि काय वगळतो, हे पाहायचे.

या भीतीमागे इतिहास आहे. १९५७ मध्ये स्विस मनोविकारतज्ज्ञ रोलांड कून यांनी इमिप्रामिनचा गुण जगापुढे मांडला. या पिढीची औषधे हृदयातील विद्युतवहन मंद करतात आणि अतिमात्रेत जीवघेणी ठरतात. त्यामुळे हृद्रोग्याला ती देताना डॉक्टर कचरत. पुढे आलेली सर्ट्रालिनसारखी औषधे या बाबतीत बरीच सौम्य निघाली. हृदयविकाराचा झटका किंवा तीव्र छातीदुखीनंतरच्या ३६९ नैराश्यग्रस्तांवरील २००२ च्या चाचणीत सर्ट्रालिनने हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता घटली नाही.

सिटॅलोप्रॅमच्या इशाऱ्याचा आधार होता ईसीजीवरील ‘क्यूटी’ हे अंतर. २० मिलिग्रॅमला ते सरासरी ८.५ मिलिसेकंदांनी वाढले, ६० ला १८.५ मिलिसेकंदांनी. मोजमाप खरेच आहे. पण लांबलेला क्यूटी ही धोक्याची खूण आहे, प्रत्यक्ष मृत्यू नव्हे. २०१३ मध्ये अमेरिकेतील सहा लाखांहून अधिक माजी सैनिकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा ४० च्या वरच्या मात्रेत घातक लयबिघाड वाढलेला आढळला नाही. २०१६ च्या दुसऱ्या अभ्यासात, इशाऱ्यानंतर ज्यांची मात्रा कमी केली गेली त्यांच्यात रुग्णालयात दाखल होणे व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण वाढलेले दिसले. लयबिघाडामुळे दाखल होणे मात्र घटले नाही. अर्थात हे नोंदींवरचे अभ्यास आहेत. मोठी मात्रा मुळातच धडधाकट हृदयाच्या रुग्णांना दिली गेली असेल. तेव्हा इशारा खोटा ठरला, असे म्हणणे उतावळेपणाचे होईल.

माझा आक्षेप वेगळा आहे. नैराश्य स्वतःच हृदयाला घातक असते, ही बाजू आकड्यांच्या चर्चेत मागे पडते. झटक्यानंतर नैराश्यात असलेल्यांचे सहा महिन्यांतील मृत्यू इतरांपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे माँट्रियलच्या संशोधकांनी १९९३ मध्येच दाखवले होते. उलट बाजूनेही अतिशयोक्ती नको: २००३ च्या, २४८१ रुग्णांवरील चाचणीत उपचारांनी नैराश्य हलके झाले, पण मृत्यू वा पुन्हा येणारे झटके कमी झाले नाहीत. गोळी हृदय वाचवते, असा दावा त्यातून निघत नाही. माणसाचे जगणे सुसह्य होते, एवढे निघते. आणि तेही थोडे नाही.

२०१२ च्या सुधारित मजकुरात एक बदल लक्षणीय आहे. जन्मतः क्यूटी लांबलेल्यांसाठी आधी हे औषध ‘निषिद्ध’ होते. आता ते ‘शिफारस नाही’ असे झाले. कारण दिले होते: काहींना दुसरा पर्यायच नसतो आणि कमी मात्रेने त्यांना गुण येऊ शकतो. त्या दोन शब्दांच्या फरकात रुग्ण पुन्हा मजकुरात आला. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नये, हेही २०११ पासून सांगितलेले होते. परंतु घरोघरी पोहोचतो तो आकडा. ही सूचना वाटेतच राहते. औषधांविषयी लिहिणाऱ्यांनी, मराठीतही, आकड्याबरोबर ती सूचना पोहोचवणे, हे टीकेइतकेच आवश्यक काम आहे.