‘कांहीं तरी घडलें’

संगणकाच्या पडद्यावर बिघाडाची वर्दी देणारें दोन ओळींचें गद्य हेंहि लेखनच होय. पण त्याचें परीक्षण करण्याच्या भानगडींत कोणी पडत नाहीं. वास्तविक उतारवयांत प्रथमच संगणकापुढें बसलेलीं माणसें कथाकादंबऱ्यांपेक्षां हें गद्य अधिक धडधडत्या छातीनें वाचतात.

२०१५ च्या जुलै महिन्यांत मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ही प्रणाली बाहेर काढली, तेव्हां ती बसवूं पाहणाऱ्या अनेकांस एक चौकट दिसली. मथळा ‘कांहीं तरी घडलें’, आणि खालीं मजकूरहि ‘कांहीं तरी घडलें’! भाषा इतकी सोपी कीं पहिलीतल्या मुलासहि कळावी. पण कळावयाचें काय? लोकांनीं तिची टवाळी केली ती योग्यच होती.

दुसरा नमुना याच्या अगदीं उलट. ९ जानेवारी २०२४ रोजीं त्याच कंपनीनें विंडोज १० साठीं केबी ५०३४४४१ ही सुरक्षेची दुरुस्ती पाठविली. यंत्र बिघडल्यास तें सांवरण्याकरितां डिस्कवर जो राखीव कप्पा असतो, त्यांत तिला २५० एमबी मोकळी जागा हवी होती. ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांच्या पदरांत पडला ‘शून्य-एक्स-८००७०६४३’ हा आंकडा. पुढें कंपनीनेंच कबूल केलें कीं, जागा अपुरी असल्याचा संदेश दिसावयास हवा होता. पण चुका हाताळणाऱ्या भागांतच चूक राहिल्यानें भलताच आंकडा उमटला. शिवाय ज्या यंत्रांत तो कप्पाच नाहीं त्याला ही दुरुस्ती लागतच नाहीं, संदेशाकडे खुशाल दुर्लक्ष करावें, असें तिच्या सूचनापत्रांत छापलें होतें, पडद्यावर नव्हतें. भ्यालेला माणूस एका खोलींत, आणि अभय दुसऱ्या!

असे संदेश ‘मनमिळाऊ’ करावे अशी हल्लीं टूम आहे, आणि पुष्कळदां त्याचा अर्थ एखादें ‘अरेरे’ किंवा उदास चेहऱ्याचें चित्र एवढाच घेतला जातो. नवख्याला हा गोडवा नको असतो. माझें कांहीं पुसलें गेलें काय? चूक माझी काय? आतां यंत्र बंद करूं काय? एवढेंच त्याला हवें. वरील प्रसंगीं लिहितां आलें असतें: ‘नवी दुरुस्ती बसली नाहीं, कारण राखीव कप्प्यांत जागा कमी पडली. यांत आपली चूक नाहीं. आपलीं कागदपत्रें जशींच्या तशीं आहेत. यंत्र नेहमीप्रमाणें वापरावें. कप्पा जाणत्याकडून वाढवून घ्यावा.’ आंकडा खालीं बारीक अक्षरांत असावा. तो अजीबात काढून टाकावा म्हणणाऱ्यांशीं माझें जमत नाहीं. दुरुस्त करणाऱ्याला तोच धागा असतो.

यंत्रालाच कारण ठाऊक नसेल तर लेखकानें काय लिहावें, हा आक्षेप कांहीं ठिकाणीं खरा आहे. पण येथें कारण ठाऊक होतें. कंपनीनें उपायहि सांगितला: काळ्या खिडकींत एकामागून एक आज्ञा टंकून कप्पा स्वतः वाढवावा. आणि त्याच वर्षीं पुढें तिनें जाहीर केलें कीं, हें काम आपोआप करणारी व्यवस्था येणार नाहीं.