यीस्टचं बचत खातं

बियर आपल्याकडे परवान्याशिवाय घरी करता येत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने केंद्र सरकारने तशी मुभा दिली. तिथल्या माझ्या भाच्याने मामाला वाचायला म्हणून जॉन पामर यांचं 'हाऊ टू ब्रू' पाठवलं. हे पुस्तक मी पासबुक तपासावं तसं, ओळीवर बोट ठेवून वाचलं.

त्यातलं यीस्ट-स्टार्टरचं प्रकरण खरं वाचण्याजोगं. स्टार्टर म्हणजे आपलं विरजणच म्हणा ना, फक्त आधी वाढवून घेतलेलं. साधारण हिशोब असा : लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम सुकं माल्टचं सत्त्व, दहा-पंधरा मिनिटं उकळी, मग वीस-पंचवीस अंशांपर्यंत गार करून यीस्ट. एक-दोन दिवसांत ठेव फुगते, आणि मगच ती वीस लिटरच्या मोठ्या व्यवहारात घालायची.

पामरांचा अधिकार कळतो तो शब्दांच्या वापरात. स्वच्छ, जंतू आटोक्यात आणलेलं आणि पूर्ण निर्जंतुक या तीन रकमा ते कधी एका रकान्यात मांडत नाहीत. आधी घासायचं, मग जंतुनाशक, कारण मळाच्या थराखाली जंतू सुखरूप राहतात. पूर्ण निर्जंतुकतेचा हट्ट मात्र ते स्वयंपाकघरात धरत नाहीत. यीस्टला पहिला नंबर मिळाला की पुरे!

एरवी मला रहस्यकथा आवडत नाहीत, पण इथे खलनायकाचा प्रवेश झकास आहे. उकळी चालू असताना सगळे निर्धास्त. धोका येतो तो गार झाल्यावर. पातेल्यात गोड, कोमट पाणी आणि पहारेकरी जेवायला गेलेला. तेव्हा गाळणं, थर्मामीटर, बाटली, जे जे आता त्याला शिवणार ते आधी जंतुनाशकातून काढायचं. वर झाकण मात्र सैल, कारण यीस्ट कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि घट्ट बुचाची बाटली फुटू शकते. सांभाळणं म्हणजे आवळणं, असं समजणाऱ्या गृहस्थांनी हा भाग दोनदा वाचावा.

तक्रार एकच. लेखक मूळचे धातुतज्ज्ञ, त्यामुळे धातूंवर वेगळं परिशिष्टच आहे. लग्नात वधूपित्याने पगारवाढीवर बोलावं, तसं वाटतं.

चार्ली पपाझियन यांचं १९८४ चं पुस्तक वाचकाच्या पाठीवरून हात फिरवतं. पामर त्याच हातात साबण देतात. भाच्याने पपाझियन उशाशी ठेवावेत आणि पामर मोरीपाशी.