निर्जन बेटावरचा स्वयंपाकी

मागल्या महिन्यात मेहकरच्या आमच्या वस्तीत, विहाराच्या कोपऱ्यात, पोरांसाठी पुस्तकांचं कपाट लावलं. पुस्तकं घरोघर मागून आणलेली. त्यांत ज्यूल व्हर्नच्या 'मिस्टीरियस आयलंड'चा एक मराठी संक्षेप निघाला. एक कार्यकर्ता म्हणाला, "हे काहून ठेवता? गोऱ्यांच्या गोष्टी. पोट्ट्यांना बाबासाहेब वाचू द्या." दुसरा म्हणाला, "गोष्टच तर हाय, राहू द्या ना." वाद पेटला. मी गप्प बसलो. हे पुस्तक मी लहानपणी तीनदा वाचलं होतं आणि मला ते लय आवडलं होतं. तेवढं बोलायची हिंमत झाली नाही. घरी आल्यावर त्या गप्प बसण्याची लाज वाटली, म्हणून हे लिहितो.

गोष्ट अशी. १८६५ साल, अमेरिकेतलं यादवी युद्ध. वेढा पडलेल्या रिचमंड शहरातून पाच माणसं आणि एक कुत्रा बलूनमधून पळतात. वादळ त्यांना पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर नेऊन आपटतं. बेट कोणत्याच नकाशात नाही. इंजिनियर सायरस स्मिथ, पत्रकार स्पिलेट, खलाशी पेनक्रॉफ्ट, पंधरा वर्षांचा पोरका हर्बर्ट, आणि पाचवा नेब. हातात काही नाही. तरी ही माणसं विटा भाजतात, भट्टी लावून लोखंड काढतात, शेती करतात, तारायंत्र उभारतात. मंत्र नाही, नवस नाही. डोकं आणि हात. ही या पुस्तकाची ताकद आहे आणि ती मी नाकारणार नाही. सोन्याची नगरी आणि जादूची अंगठी असल्या शंभर गोष्टींपेक्षा एक वीट भाजायची गोष्ट पोराला जास्त शिकवते.

पण मला ते बेट आवडत होतं त्याचं कारण दुसरंच होतं, ते आता कळतं. तिथं माणूस नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांना नदी सापडते, गोडं पाणी मिळतं. कोणी विचारत नाही, "कोणाचा रे तू? कोणत्या आळीचा?" पांढरपेशा पोराला निर्जन बेट म्हणजे धोका वाटत असेल. मला ते सुट्टी वाटायचं. जिथं कोणीच नाही, तिथं जात विचारणाराही नाही.

आता नेबकडे या. नेब काळा आहे. स्मिथच्या घरी गुलाम म्हणून जन्मला. स्मिथ गुलामगिरीच्या विरोधातला माणूस, त्यानं नेबला मोकळं केलं. पण नेब गेला नाही. मालक शत्रूच्या शहरात अडकला तर हा जीव धोक्यात घालून आत शिरला. बेटावर पडताना मालक समुद्रात हरवला तर हाच किनाऱ्यानं वेड्यासारखा शोधत फिरला. एवढं करून बेटावर त्याच्या वाट्याला काय आलं? चूल. पाच माणसं समान म्हणून उतरली, पण पहिल्या आठवड्यापासून रांधायचं कुणी हे कुणाला विचारावं लागलं नाही. पुढे एक ओरांगउटान पकडतात, जप त्याचं नाव. त्याला माणसाळवून जेवताना वाढायला शिकवतात. शिकवतो कोण? नेब. वानराची नेमणूक नेबच्या हाताखाली झाली.

लहानपणी वाचलेल्या संक्षेपात एक प्रसंग नव्हता. तो मला पुढं, डिक्शनरी घेऊन इंग्रजी प्रत वाचली तेव्हा सापडला. डोंगरावर चढून सगळे बेटाला नावं द्यायला बसतात. आपल्यापैकी प्रत्येकाचं नाव कुठंतरी द्यावं असं निघतं. नेबला आनंद होतो. खलाशी म्हणतो, एका बंदराला नेबचं नाव देऊ. लगेच पत्रकार म्हणतो, त्यापेक्षा आपल्या देशातली नावं द्यावीत. झालं. डोंगराला फ्रँकलिन, तळ्याला ग्रँट, एका उपसागराला वॉशिंग्टन. बेटाला लिंकन. नेबचं बंदर दोन ओळी जगलं आणि बुडालं. गुलामांना मोकळं करणाऱ्याचं नाव बेटाला आणि मोकळा झालेला माणूस चुलीपाशी.

दोस्तहो, व्हर्न दुष्ट होता असं मी म्हणत नाही. नेब त्याला प्रेमळ, शूर दिसतो. पण इमानदार दिसतो म्हणूनच शूर दिसतो. आपल्यालाही असंच चांगलं म्हणतात. "फार प्रामाणिक माणूस बरं का." आणि या पुस्तकात शेवटी उघड होतं की बेटाचा गुप्त रक्षक कॅप्टन नेमो हा भारतीय आहे, १८५७ ला इंग्रजांशी लढलेला. पण कोण भारतीय? बुंदेलखंडचा राजपुत्र. आपल्या देशातला माणूस व्हर्नला दिसला तो राजवाड्यातला. त्याची पाणबुडी चालवणाऱ्या खलाशांना नावंसुद्धा नाहीत. मी जिनात काम करतो. रेच्यावर बनवणाऱ्या कंपनीचं नाव ओतीव अक्षरात असतं, चालवणाऱ्याचं कुठंच नसतं. म्हणून मला हे लवकर दिसलं असेल.

व्हर्नचं हे पुस्तक १८७४-७५ चं. त्याच्या जरा आधी, १८७३ ला, पुण्यात जोतीरावांनी 'गुलामगिरी' छापली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. दोघांच्या डोळ्यांपुढे तीच अमेरिका, तीच मुक्ती. व्हर्ननं मुक्त गुलामाला स्वयंपाकी केलं. फुल्यांनी मत्स्य, वराह, नरसिंह, वामन या पोराबाळांना सांगायच्या गोष्टी हातात घेतल्या आणि विचारलं, यात मेलं कोण? बालवाङ्मयाची समीक्षा मराठीत तिथून सुरू होते असं मी मानतो.

आणि लांब कशाला जायचं? मेहकर हे नाव मेघंकर राक्षसावरून आलं असं सांगतात, त्याला शारंगधरानं मारलं. शेजारी लोणार, लवणासुराचं. विष्णू देखणा तरुण होऊन येतो, राक्षसाच्या दोन बहिणींना भुलवतो, त्यांच्याकडून लपायची जागा काढून घेतो आणि भावाला मारतो. हीच आमच्याकडच्या पोरांची साहसकथा. गावाला नाव मारला गेला त्याचं, देवळात मारणारा. आता शास्त्र सांगतं की ते पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर आकाशातून पडलेल्या उल्केनं झालं. राक्षसानं नाही खोदलं. मग मारला तो कोण होता? पुस्तकं तर असंही सांगतात की लोणारचा 'शोध' १८२३ ला अलेक्झांडर नावाच्या इंग्रजानं लावला. शेकडो वर्षांची देवळं काठावर उभी असताना!

मग आपली साहसकथा कोणती? ती बाबासाहेबांनी लिहून ठेवलीय, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये. १९०१ साल. चार पोरं: दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ, मेलेल्या बहिणीची दोन लेकरं. नवे कपडे घालून वडिलांना भेटायला निघतात. पहिल्यांदाच आगगाडी. मसूर स्टेशनावर उतरतात, न्यायला कोणी नाही. जात कळताच स्टेशनमास्तर मागं सरकतो. दुप्पट भाडं घेऊन एक गाडीवान कबूल होतो, पण बैल पोरांनीच हाकायचे. टोपल्यात जेवण आहे, पाणी नाही. रात्री नाक्यावर मुसलमान असल्याचं सांगून पाणी मागतात, तरी मिळत नाही. उपाशी झोपतात.

आता दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा. निर्जन बेटावर पहिल्याच दिवशी पाणी मिळालं. माणसांनी भरलेल्या सातारा जिल्ह्यात रात्रभर मिळालं नाही. नकाशात नसलेला मुलूख कोणता मग? पुस्तकाचं नावच सांगतं: आपल्याच देशात शिरायला व्हिसा लागत होता.

म्हणून माझं मत असं. व्हर्न कपाटात राहू द्या. काढून टाकलेलं पुस्तक पोरं चोरून वाचतात आणि मग नेब त्यांना दिसत नाही. ते 'व्हिसा'च्या शेजारी ठेवा, मोठ्यानं वाचा आणि थांबून विचारा: जेवण कुणी केलं? नाव कुणाचं दिलं नाही?

एक शेवटचं, आपल्या स्वतःबद्दल. आपण कवी लोक कवितेत जाळ करतो. मीही करतो. पण माझ्या वहीत दहा वर्षांच्या पोराला वाचून दाखवावी अशी एक ओळ नाही. त्याला आपण जयंतीला भाषण पाठ करायला देतो आणि गोष्टीसाठी दुसऱ्याच्या दारात पाठवतो. तिथं त्याला नेब व्हायला शिकवतात. ज्याला कुणाला नेबच्या बंदरापासून सुरू होणारी गोष्ट लिहिता येईल, त्यानं पुढच्या अंकाला पाठवावी. मी पण बसतोय लिहायला.

जयभीम.