पंचाचा विवेक आणि फाशाचा कौल

खेळात पंच मोठा की नियम मोठा, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. परंतु जेथे पटावर सोंगट्या सरकवावयाच्या नसून चारसहा जणांनी एकत्र बसून बोलता बोलता एक कथा घडवावयाची असते, तेथे तो न्यायाचाच प्रश्न होऊन बसतो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा, १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा अशा खेळांचा आद्य नमुना होय. त्यात एक जण सूत्रधार होऊन प्रसंग वर्णितो. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने ‘मी आता असे करतो’ म्हणून सांगतात. आणि फळ अनिश्चित असेल तेथे फासा टाकतात.

हा वाद या खेळाहूनही जुना आहे. प्रशियाच्या सैन्यातील युद्धखेळाचे नियम राइसविट्झ या अधिकाऱ्याने १८२४ साली छापले. त्यात पंच होता, पण हानीचा हिशेब फासे व कोष्टके यांवरून करावा लागे. पुढे १८७६ साली व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा या सेनानीने, कोष्टके बाजूस सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावरच खेळ चालवावा, असा विचार मांडला. पंच जाणता असेल तोवर हे उत्तमच. तो लहरी निघाल्यास दाद कोणाकडे मागावयाची, हा प्रश्न मात्र उरतोच.

एक प्रसंग घेऊ. पाठीशी शत्रू, समोर दरी व तीवर दोरांचा पूल. खेळाडू म्हणतो, “पूल तोडून त्याच्याच दोराला लोंबकळत मी पलीकडे जातो.” पुस्तकात याला नियम नाही. सूत्रधार क्षणभर विचार करून सांगतो, “जा, पण वीस पैलूंच्या फाशावर बारा वा अधिक पडले पाहिजेत.” याला स्वेच्छाचार म्हणता येणार नाही, हा विवेक होय. माणसाला सुचणाऱ्या सर्व युक्त्या कोणत्याही ग्रंथात मावत नाहीत. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने पुष्कळ कृती नियमांत बसविल्या. त्यामुळे आपल्या कृतीस यश येण्याचा संभव किती, हे खेळाडूस आधी कळू लागले, हा लाभ खराच. पण दरीकडे पाहण्याऐवजी पान उलटण्याची सवयही त्याबरोबर आली.

आता पुढचा क्षण. खेळाडू पार होतो. शत्रूच्या बाणासाठी सूत्रधार पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासा टाकतो, बाण प्राणघातक ठरतो, आणि दया येऊन तो सांगतो, “बाण हुकला.” गायगॅक्स यांनी १९७९ च्या आपल्या मार्गदर्शक ग्रंथात फासा डावलण्याचा हक्क सूत्रधारास दिला आहे. आमचे मत याविरुद्ध आहे. फाशातील खेळ म्हणजे काही देवाचा कौल नव्हे. तरीही, डावा कौल झाला म्हणून पाकळी हळूच उजवीकडे सरकविणारा गुरव आपणांस चालेल काय? त्याचा हेतू कितीही दयाळू असो, त्यानंतर उजव्या कौलावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. येथेही तेच घडते. दरी ओलांडणाऱ्याचे धाडस पोकळ ठरते, कारण मरण त्याच्या वाट्यास येणारच नव्हते. आणि उद्या दुसऱ्याचे पात्र मेले, तर तो फाशास नव्हे, सूत्रधारास दोष देईल.

तेव्हा खरा भेद विवेक व नियम यांच्यात नसून, उघड विवेक व लपविलेला विवेक यांच्यात आहे. मृत्यू सोसवणार नसेल तर फासाच टाकू नये. नियम अन्याय्य वाटला तर सर्वांसमक्ष बोलून तो बदलावा. व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० सालच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने तर सूत्रधाराची कर्तव्येच नियम म्हणून लिहून काढली, आणि तरीही त्यात कल्पकतेस वाव राहिला. यावरून एवढे निश्चित दिसते की, मर्यादेने विवेक मरत नाही. सूत्रधाराने दया जरूर करावी. परंतु ती फासा हातातून सुटण्यापूर्वी करावी.