प्रत्यारोपण : एका परिभाषेची चिकित्सा

वैद्यकीय परिभाषा सिद्ध करताना शब्दाची व्युत्पत्ती निर्दोष असावी, एवढी दक्षता मराठीत बहुधा घेतली जाते. तो शब्द वाचकाच्या मनात कोणते चित्र उभे करतो, हा प्रश्न मात्र मागे पडतो. मूत्रपिंडरोपणानंतर होणाऱ्या विषाणुसंसर्गासंबंधीचे लोकोपयोगी लेखन या दृष्टीने तपासणे अगत्याचे आहे. कारण येथे चुकीच्या चित्राची किंमत रोग्याला मोजावी लागते.

प्रथम 'प्रत्यारोपण' हीच संज्ञा घ्यावी. बारामती-इंदापूरच्या द्राक्षबागायतदारास तिच्यातील रूपक परके नाही. डॉगरिजच्या खुंटावर त्याने काडी बांधलेली असते. कलम धरले की खुंट आणि काडी एकजीव होतात, हा त्याचा अनुभव. साहजिकच 'प्रत्यारोपण यशस्वी झाले' हे वाक्य तो त्याच अर्थाने वाचतो. परंतु मनुष्यदेह परक्या इंद्रियाशी सहसा असा एकजीव होत नाही. १९५४ मध्ये बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी केलेले यशस्वी रोपण एकरूप जुळ्या भावांमधील होते, म्हणूनच तेथे कलमाचे रूपक यथार्थ ठरले. इतर रोग्यांस प्रतिकार दडपणारी औषधे बहुधा आयुष्यभर घ्यावी लागतात. गंमत अशी की, रूपक जेथे खरोखर उपयोगी पडले असते तेथे लेखक त्याचा आश्रय घेत नाहीत. रोगट काडीबरोबर विषाणू खुंटात उतरतो, हे बागायतदार जाणतो. दात्याच्या मूत्रपिंडाबरोबर सायटोमेगॅलो विषाणूही तसाच येऊ शकतो.

दुसरी संज्ञा 'विषाणू'. तिच्यातील 'विष' बाहेरून आलेल्या शत्रूचे सूचन करते. वस्तुतः सायटोमेगॅलो विषाणू बहुसंख्य भारतीय प्रौढांच्या देहात पूर्वीपासूनच सुप्त असतो. १९७१ मध्ये मूत्रपिंडरोपण झालेल्या एका रोग्याच्या मूत्रात प्रथम आढळलेला बीके विषाणूही बहुधा बालपणीच देहात शिरून मूत्रमार्गात वास करतो. प्रतिकार क्षीण झाला की हे जुने रहिवासी जागे होतात. बीके विषाणू सहसा ताप आणीत नाही. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसते तेव्हा हानीस आरंभ होऊन गेलेला असतो. म्हणून 'गर्दी टाळा, हात धुवा' हा उपदेश योग्य असला तरी अपुरा आहे. प्रकृती उत्तम वाटत असतानाही ठरलेल्या वेळी रक्त का तपासावयाचे, याचा उलगडा त्यातून होत नाही.

तिसरी आणि सर्वांत दिशाभूल करणारी संज्ञा 'प्रतिकारशक्ती'. 'शक्ती' म्हटली की ती वाढविणे इष्टच, असा आपला भाषिक संस्कार आहे. त्याच भावनेने घरातील वडील मंडळी रोग्यापुढे गुळवेलीचा काढा ठेवतात. परंतु जी शक्ती विषाणूस आवरते, तीच नव्या मूत्रपिंडावरही चाल करते. सायटोमेगॅलोसाठी व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरसारखे औषध आहे. बीकेवर तसे खात्रीचे औषध नाही, म्हणून वैद्य प्रतिकार दडपणाऱ्या औषधांची मात्राच जपून कमी करतात. ती फार घटली तर देह मूत्रपिंड नाकारतो, फार राहिली तर विषाणू बळावतो. हा तोल 'वाढवा' या एका क्रियापदात मावत नाही.

संज्ञा रूढ झाली की व्युत्पत्ती विसरली जाते, असा आक्षेप येथे संभवतो. तज्ज्ञांपुरता तो मान्य करता येईल. परंतु इंदापूरहून सुमारे १४० किलोमीटरवरील पुण्यास केवळ रक्त तपासण्यासाठी, एक दिवसाचे काम बुडवून जाणाऱ्या माणसास शब्दातून मिळणारा अर्थ हाच आधार असतो. तो आधार चुकीचा असेल, तर पहिली खेप तो सहा महिन्यांनी चुकवील आणि त्यात त्याचा दोष मानता येणार नाही.

तेव्हा नव्या संज्ञा घडविण्याची निकड नाही. रूढ संज्ञांच्या मर्यादा सांगण्याची आहे. शस्त्रक्रिया पार पडली की बहुतेक लेख संपतात. रोग्याच्या दृष्टीने लेखाचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.