सरासरी आणि उतार

पुढच्या पिढ्यांसाठी जग चांगले होत चालले आहे की वाईट, या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत बरेच लेखन झाले. त्यातली दोन पुस्तके आपल्याकडेही पुष्कळ वाचली गेली: हान्स रोसलिंग यांचे ‘फॅक्टफुलनेस’ आणि स्टीव्हन पिंकर यांचे ‘एनलाइटनमेंट नाऊ’. दोन्ही २०१८ सालची. पहिल्यावर मी २०१९ मध्ये एका मासिकात परीक्षण लिहिले होते, आणि ते भरपूर अनुकूल होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या परीक्षणाची फेरतपासणी आहे. ती करावीशी वाटली तळीये या गावामुळे.

माझे आजोळ पोलादपूर तालुक्यातले. त्यामुळे महाडच्या पुढचा घाट, पावसात उतारावरून सुटणारे पांढरे ओहोळ आणि डोंगराच्या कुशीत चिकटून बसलेल्या वाड्या हे दृश्य लहानपणापासून पाठ आहे. ते सुंदर आहे, एवढेच मला तेव्हा कळत होते.

रोसलिंग यांचा प्रश्न

रोसलिंग वाचकाची परीक्षा घेतात. त्यांच्या प्रश्नावलीतला एक प्रश्न असा: गेल्या शंभर वर्षांत नैसर्गिक आपत्तींत दरवर्षी मरणाऱ्यांची संख्या दुपटीहून अधिक झाली, साधारण तेवढीच राहिली, की निम्म्याहून कमी झाली? बहुतेकांचे उत्तर चुकते. बरोबर पर्याय तिसरा आहे. त्याचे कारणही ते देतात. निसर्ग मवाळ झालेला नाही. माणसे अत्यंत गरिबीतून वर आली, घरे पक्की झाली, सूचना वेळेवर मिळू लागल्या. परिस्थिती एकाच वेळी वाईटही असू शकते आणि सुधारतही असू शकते, हे त्यांचे सूत्र मला फार पटले होते.

आजही पटते. माझ्या आजीची सात बाळंतपणे झाली आणि चार मुले वाढली. आईची तिन्ही मुले जगली. हा आमच्या घराण्याचा पराक्रम नव्हे. १९७१ मध्ये भारतात हजार जिवंत जन्मांमागे १२९ अर्भके वर्षाच्या आत दगावत होती. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात १६ वर. ज्या घरांत पाचवी पुजल्यावरही आईचा जीव थाऱ्यावर नसे, त्या घरांना या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून ‘पूर्वीचे कोकण राहिले नाही’ या थाटाच्या स्मरणरंजनाशीही माझे भांडण आहे. दिवाळी अंकांतून असे लेखन आपण सर्वांनीच केले आहे. त्या लेखांत फणस असतो, आजीची गोधडी असते, अंगणातला प्राजक्त असतो. वैशाखात हंडा घेऊन दोन डोंगर ओलांडणारी बाई नसते, आणि मुंबईच्या गिरणीत फुप्फुसे झिजवून परतलेला चाकरमानीही नसतो. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात उन्हाळ्यात टँकर लागतो, हे वास्तव त्या सुखचित्रात कुठे बसवायचे?

तेव्हा रोसलिंग यांचे आकडे खोटे ठरवण्याचा माझा विचार नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या मोजपट्टीचा.

तळीये

२२ जुलै २०२१, गुरुवार. त्या दिवशी आणि रात्री मिळून महाबळेश्वरच्या माथ्यावर चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. सावित्री फुगली, महाड शहर पाण्याखाली गेले, रस्ते आणि फोन बंद पडले. त्याच संध्याकाळी तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. काही दिवसांनी शोध थांबवण्यात आला, तेव्हा अनेक मृतदेह मातीखालीच होते आणि बेपत्तांना मृत मानावे लागले. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या.

रोसलिंग यांच्या आलेखावर ही संख्या दिसणारही नाही. जगाच्या वार्षिक बेरजेत ऐंशी म्हणजे पेन्सिलीच्या टोकाएवढाही ठिपका नव्हे. इथे त्यांच्या मांडणीतले एक गृहीतक उघडे पडते. ‘पुढची पिढी’ म्हणजे त्यांच्या लेखी एका कालखंडात जन्मलेल्या माणसांचा समूह. असा समूह जगभर विखुरलेला असतो, म्हणूनच त्याची सरासरी काढता येते. मराठीत पिढी या शब्दाला घर चिकटलेले आहे: पिढीजात घर, पिढीजात जमीन, पिढ्यान्‌पिढ्यांची वाडी. कोंढाळकरवाडीचे नावच आडनावावरून आले आहे. आजोबा, मुलगा आणि नातू एकाच उतारावर झोपतात. त्या वाडीत एका संध्याकाळी पुढची आणि मागची पिढी एकत्रच गेली. नातवाच्या वाट्याला येतो तो ठरावीक उतार, त्यावरची ठरावीक माती आणि तिच्यात मुरणारे पाणी. जगाची सरासरी त्याच्या वाट्याला येत नाही.

२०१९ च्या परीक्षणात हे माझ्या लक्षात आले नव्हते, असे म्हणून सुटता येणार नाही. कारण तोवर २००५ होऊन गेले होते. त्या वर्षी २५ आणि २६ जुलैच्या पावसात याच महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, रोहण आणि कोंडिवते या गावांवर दरडी आल्या. महाड-पोलादपूर भागात दोनशेच्या आसपास माणसे मेली. २०१४ च्या ३० जुलैला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणमध्ये १५१ जण गेले. ही सगळी नावे मला ठाऊक होती. आलेख इतका सुबक होता की त्याच्याशेजारी ती मांडून पाहण्याची गरज मला भासली नाही. समीक्षकाच्या दृष्टीने हा दोष लहान नाही.

नकाशाचे प्रमाण

रोसलिंग यांच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा ओडिशाचा आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ च्या फायलिन वादळापूर्वी दहा लाखांच्या जवळपास लोक हलवले गेले आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. हे यश खरे आहे. पण चक्रीवादळ समुद्रावर काही दिवस आधी दिसते, त्याला नाव मिळते, त्याचा मार्ग काढता येतो. दरड अशी दिसत नाही. बेसॉल्टवरचा झिजलेला मातीचा थर पाणी पीत राहतो, आतला दाब वाढतो आणि काही क्षणांत उतार सुटतो.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवण क्षेत्रांचे देशव्यापी नकाशे केले. मोठे काम आहे. त्यांचे प्रमाण पन्नास हजारास एक, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर पाचशे मीटर. तीस-पस्तीस घरांची वाडी या नकाशावर तांदळाच्या दाण्यात मावेल. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे विधानसभेतच सांगण्यात आले. ज्ञान वाढले हे खरे, पण ते वाडीपर्यंत उतरले नाही.

गंमत अशी की याचे उत्तर रोसलिंग यांच्याच पुस्तकात सापडते. आलेखावरची रेषा पुढेही सरळच जाईल असे मानू नका, असा इशारा त्यांनी एका प्रकरणात दिला आहे, आणि जगापुढच्या मोठ्या धोक्यांत हवामानबदलाची गणना केली आहे. त्यांचा इशारा त्यांच्याच घटत्या मृत्यूंच्या रेषेला लावला, तर पुस्तक अधिक प्रामाणिक होते आणि कमी दिलासादायक. ती रेषा आपोआप उतरलेली नाही. प्रत्येक इंच कुणीतरी खाली ओढली आहे. ओढणे थांबले की ती थांबेल.

कागदावरचे पाणी

महाडला हे नवीन नाही. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा ठराव मंजूर झाला. महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. एखाद्या प्रगतीच्या आलेखावर १९२४ साली ‘तळे खुले’ अशी नोंद करता आली असती. प्रत्यक्षात त्या पाण्याला अस्पृश्यांचा हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसे तळ्यापर्यंत चालत गेली तेव्हा. त्यासाठी लोकांनी मार खाल्ला. पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये लागला. ठरावापासून ओंजळीपर्यंतचे अंतर काळाने कापले नाही, माणसांनी कापले.

पश्चिम घाटाचे आजचे चित्र १९२४ सारखे आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. कुठला उतार किती जपायचा हे अखेर ग्रामसभांशी बोलून ठरवावे, हा त्यातला सर्वांत मौलिक विचार. तो बाजूला पडला. २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला, आणि २०१४ पासून केंद्राने संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदेच काढले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा आहे. आदल्याच दिवशी पहाटे वायनाडमध्ये डोंगर कोसळला होता. या मसुद्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. घाटातल्या अनेक गावांचा त्याला विरोध आहे आणि तो समजण्यासारखा आहे. ज्यांना कधी विचारले नाही, त्यांना प्रत्येक रेघ आपल्या शेतातून जाणारी वाटते. म्हणून तर ग्रामसभेचा मुद्दा कळीचा होता.

आता माझ्या परीक्षणाकडे. त्यात मी शेवटी लिहिले होते की आपली नातवंडे आपल्यापेक्षा सुखी असतील. ते वाक्य मी मागे घेतो. त्याउलट वाक्य मात्र लिहीत नाही, कारण आजीच्या सात बाळंतपणांचा हिशेब मला ठाऊक आहे. जग चांगले होते आहे की वाईट, याचे एकच उत्तर मागणे मला आता चूक वाटते. त्याऐवजी प्रत्येक वाडीपुरता एक लहान प्रश्न विचारावा: या उताराबद्दल जे कळले आहे, ते इथे राहणाऱ्याला पुढच्या आषाढाआधी कुणी सांगितले का, आणि सांगितल्यावर जायला त्याला जागा दिली का?

तळीयेतल्या लोकांसाठी दुसरीकडे घरे बांधायला घेतली गेली. म्हाडाने ती जबाबदारी स्वीकारली. पण ती दरडीनंतर. आजोळच्या वाटेवरच्या उतारांवर अजून कितीतरी वाड्या आहेत, आणि यंदाही पावसाळ्यात तिथल्या चुलींचा धूर मी घाटातून पाहिला. त्या वाड्यांना हा प्रश्न दरडीआधी विचारला जातो का, यावर मी जगाची परीक्षा करीन.