पदव्युत्तरांचे व्यवसायशिक्षण : कोशकचेरीचा धडा

भाषा, साहित्य, इतिहास यांसारख्या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याने पुढे काय करावे, या प्रश्नाचे एकच उत्तर आपल्याकडील विभागांनी आजवर गृहीत धरले आहे. ते म्हणजे प्राध्यापकी. १९८९ साली राष्ट्रीय पात्रता परीक्षा सुरू झाल्यापासून तर अध्ययनाचा सारा रोख त्या एकाच दाराकडे वळला. दार अरुंद आहे; परीक्षा उत्तीर्ण होऊनही तासिका तत्त्वावर वर्षे काढणारे अध्यापक प्रत्येक जिल्ह्यात आढळतात. अशा स्थितीत नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणास चार श्रेयांकांचे स्थान मिळाले, ही गोष्ट स्वागतार्ह होय. परंतु मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्याने 'कार्य' म्हणून नेमके काय करावयाचे, याचा विचार मात्र पुरेसा झालेला दिसत नाही. एखाद्या कचेरीत काही दिवस बसून प्रमाणपत्र आणणे, एवढाच त्याचा अर्थ होऊ लागला, तर योजना नावापुरती उरेल.

वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. विसाव्या शतकात महाराष्ट्रात जी मोठी विद्याकार्ये झाली, त्यांतील काहींनी ग्रंथांबरोबर माणसेही घडविली. त्यांचे या दृष्टीने परीक्षण फारसे होत नाही.

पहिले उदाहरण महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. परंतु त्यांचे नाव राहिले ते अध्यापकाच्या आसनामुळे नव्हे, तर ज्ञानकोशाच्या २३ खंडांमुळे. भाग विकून व वर्गणीदार मिळवून उभारलेल्या मर्यादित मंडळीच्या आधारे त्यांनी हे काम केले. त्यांच्या कचेरीत यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे हे कोशकार्य शिकले. पुढे याच दोघांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग सिद्ध केले आणि त्यानंतर सुलभ विश्वकोशही पूर्ण केला. कोशरचनेचा अभ्यासक्रम तेव्हा कोणत्याही विद्यापीठात नव्हता. तो ज्ञानकोशाच्या कचेरीत होता, आणि त्याची परीक्षा म्हणजे पुढचा कोश.

दुसरे उदाहरण भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे. १९१९ साली आरंभिलेले हे काम १९६६ साली पूर्ण झाले. १९२५ साली प्रमुख संपादक झालेले विष्णु सीताराम सुकथनकर यांनी कामाला पद्धतीचा कणा दिला. एकेका श्लोकासाठी स्वतंत्र तक्ता घ्यावयाचा, प्रचलित पाठाची अक्षरे चौकटींत एकेक मांडावयाची, आणि प्रत्येक हस्तलिखितातील भेद त्या त्या अक्षराखाली नोंदवावयाचा, अशी ती पद्धती होती. पुण्याबाहेर शांतिनिकेतन व तंजावर येथेही पाठमेळाची केंद्रे होती. वरवर पाहता हे कारकुनी काम. पण शेकडो तक्ते भरणाऱ्याला लिपिकाराची चूक कोणती, हेतुपुरस्सर घातलेली भर कोणती आणि दोन प्रतींचे नाते कोणते, हे व्याख्यानाशिवाय उमगू लागते. आदिपर्वाच्या १९३३ च्या प्रस्तावनेत सुकथनकरांनी या कामातून निघालेली तत्त्वे मांडली. १९४१ साली सुमित्र मंगेश कत्रे यांनी भारतीय पाठचिकित्सेवर पुस्तक लिहून अभ्यासकांच्या हाती साधन दिले, आणि त्याच कत्र्यांनी १९४८ साली डेक्कन महाविद्यालयात संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचा पाया घातला. एका कामातून दुसरे काम कसे निपजते, याचा हा नमुना होय.

या कार्यांतून तीन गुण दिसून येतात. येथे काम करणाऱ्यास नियम पाळावा लागे; त्याचे काम दुसऱ्याच्या नजरेखालून जाई; आणि त्याची लहानशी नोंद एका मोठ्या वास्तूचा चिरा ठरे. आजच्या पदव्युत्तर प्रबंधात यांपैकी किती आढळते? विद्यार्थी एकटाच विषय निवडतो, एकटाच लिहितो आणि गुण मिळताच प्रबंध कपाटात जातो. त्याच्या निष्कर्षावर पुढे कोणी काही उभारील, अशी अपेक्षा त्याला स्वतःलाही नसते.

तथापि, गौरव करताना उणिवा झाकणे योग्य नव्हे. मंडळीच्या भांडवलावर चालणाऱ्या कचेरीचे आयुष्य कामाइतकेच असते. काम संपले की माणसे मोकळी होतात. दाते-कर्व्यांनी नवा मार्ग काढला. तसा मार्ग सर्वांना काढता येतो असे नाही. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर संपादकाचे नाव येते, टिपणे काढणाऱ्याचे क्वचितच. शिक्षणाच्या नावाखाली फुकट श्रम घेण्याचा मोहही अशा व्यवस्थेत असतो. विद्यार्थ्याला नियम सांगितला, पण नियमाचे कारण सांगितले नाही, तर तो शिकत नाही, केवळ राबतो.

म्हणून चार श्रेयांकांच्या या नव्या तरतुदीचे सोने करावयाचे असेल, तर तिची जबाबदारी बाहेरच्या आस्थापनेवर न टाकता विभागांनी स्वतः स्वीकारली पाहिजे. काम नेमके व पुरे होण्याजोगे असावे. मराठी विभागास मोल्सवर्थच्या कोशाच्या १८३१ व १८५७ च्या आवृत्त्यांतील एकाच अक्षराच्या नोंदींची तुलना करविता येईल. इतिहास विभागास एखाद्या मोडी दप्तराची वर्णनात्मक यादी करविता येईल. एका तुकडीने केलेले काम पुढील तुकडीने तपासावे व वाढवावे. विद्यार्थ्याचे नाव त्याच्या नोंदीशी कायम जोडलेले राहावे, आणि संस्थेला त्या कामाचा उपयोग होत असेल तर मोबदला द्यावा. डेक्कन महाविद्यालयातील कोशाच्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्यांवर आजही काम चालू आहे. अशा ठिकाणी काही आठवडे घालविलेला विद्यार्थी कोश वापरण्याची रीतच बदलून परत येईल.

एवढ्याने नोकऱ्या निर्माण होतील, असा दावा करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु प्रकाशनसंस्था, अभिलेखागारे, ग्रंथालये, भाषांतराची व संगणकीय भाषासाधनांची कामे, या सर्व ठिकाणी ज्याची गरज असते, ती अचूक नोंद करण्याची, पाठ पारखण्याची व दुसऱ्याचे काम तपासण्याची पात्रता व्याख्यानाने येत नाही. ती ज्याच्या हाती आहे, तो एकाच दारापुढे तिष्ठत राहणार नाही. तेवढी सिद्धता विद्यार्थ्यास देणे विभागाच्या हातात आहे.